खासगी थेरपी सुरू करताय? पहिल्या फोनपासून पुढचे काही महिने काय होतं

थेरपी घ्यायची असं मनाशी ठरवणं आणि खरोखर कोणाच्या तरी समोर जाऊन बसणं, या दोन्हींच्या मध्ये कित्येकांची वर्षं जातात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, खासगी प्रॅक्टिस करते. पहिल्यांदा येणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते, की मूळ त्रासाइतकीच त्यांना या सगळ्या प्रकाराची धास्ती असते. आत काय विचारतील, किती पैसे लागतील, घरी कळवतील का, गोळ्या सुरू करतील का, आपल्याला 'मेंटल' ठरवतील का. 'याला येरवड्याला न्या', 'हिला ठाण्याला दाखवा' ही वाक्यं चेष्टेत ऐकतच आपण मोठे झालो आहोत, त्यामुळे ही धास्ती कुणाला असेल तर त्यात नवल नाही.

पुढे पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पण एक गोष्ट सगळ्या पायऱ्यांना लागू आहे, ती आधीच सांगते: जे विचारायला संकोच वाटतो, ते त्या थेरपिस्टलाच विचारायचं. फी जास्त वाटते, शिक्षण विचारायचंय, मागच्या वेळचं बोलणं लागलं, काही फरकच पडत नाहीये, हे सगळं त्या खोलीत बोलायचे विषय आहेत. बाहेर मैत्रिणीशी बोलून मोकळं व्हायचं आणि थेरपी गुपचूप सोडून द्यायची, यात तुमचे पैसे आणि हिंमत दोन्ही वाया जातात.

आधी तातडी बघा

जीव द्यावासा वाटतोय, कसा द्यायचा हेही मनात ठरतंय, किंवा घरातल्या कुणाची अशी अवस्था आहे, तर खासगी अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, किंवा ११२ ला फोन करा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. ती चोवीस तास आणि मोफत असते, मराठीतून बोलता येतं. असे विचार येणं हा गुन्हा नाही, आणि ते बोलून दाखवल्याने कोणी पोलिसांत देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं, तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पायरी १: कोणाकडे जायचं ते ठरवा

आपण सगळ्यांनाच 'डॉक्टर' म्हणतो, त्यामुळे इथे बराच गोंधळ होतो.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकॅट्रिस्ट. हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले असतात. निदान करणं, औषधं लिहून देणं, गरज पडली तर दाखल करून घेणं हे त्यांचं काम. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. पहिली भेट बऱ्यापैकी मोठी असते, पुढच्या भेटी बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात, कारण बाहेर रांग असते. त्या वेळात मन मोकळं झालं नाही म्हणून डॉक्टर वाईट असं समजू नका. औषधाचं काम आणि बोलण्याचं काम वेगवेगळ्या माणसांकडे असणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. मानसशास्त्रात एम.ए. करून त्यापुढे रुग्णालयात राहून केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. ही त्यांची आजवरची ठरलेली वाट आहे. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. आरसीआयच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही खात्री करून घेता येते. जरूर करून घ्या. पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलंय आणि क्रमांक विचारल्यावर उडवाउडवी होते, तर तिथे जाऊ नका.

समुपदेशक, काउन्सेलर, सायकोथेरपिस्ट, थेरपिस्ट या नावांखाली मात्र सगळ्या प्रकारची माणसं सापडतील. एम.ए. करून अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे आहेत, आणि चार शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावणारेही आहेत. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ येतात. पण ही व्यवस्था अजून रुळायची आहे. तोवर चौकशी करणं तुमच्याच हातात आहे. शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करताय, तुम्ही स्वतः कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता का, हे तीन प्रश्न पुरतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चांगले थेरपिस्ट आपलं काम नियमितपणे वरिष्ठांसमोर तपासून घेतात आणि तसं सांगायला त्यांना कमीपणा वाटत नाही.

मग तुम्ही कोणाकडे जायचं? कित्येक आठवडे झोप नाही, जेवण सुटलंय, कानात आवाज येतात, कोणीतरी मागावर आहे असं वाटतं, किंवा उलट दोन तास झोपूनही अंगात प्रचंड उत्साह आहे आणि पैसे वारेमाप उडवले जाताहेत, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. नात्यातले ताण, जवळच्या माणसाचं जाणं, सततची काळजी, परीक्षेची किंवा चारचौघांत बोलायची भीती, जुने घाव यांसाठी सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशकाकडून सुरुवात करायला हरकत नाही. ठरवता येत नसेल तर दोघांपैकी कोणाकडेही जा. नीट काम करणारी व्यक्ती गरज पडल्यास स्वतःच दुसरीकडे पाठवते.

आणि थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या. थकवा, उदासी, विसरभोळेपणा यांमागे पुष्कळदा हेही असतं, विशेषतः शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता. तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे हे सहज होतं.

पायरी २: पहिला फोन

नावं मिळवायचे चांगले मार्ग म्हणजे फॅमिली डॉक्टर, आधी थेरपी घेतलेला कोणी विश्वासू माणूस, किंवा या क्षेत्रात वर्षानुवर्षं उभी असलेली संस्था. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून काम करते आहे. व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. इन्स्टाग्रामवरच्या फॉलोअरच्या आकड्याकडे बघून निवड करू नका; छान रील करणं आणि समोरच्याचं ऐकून घेणं ही वेगळी कौशल्यं आहेत.

फोनवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'गेले काही महिने खूप घबराट होते, त्यासाठी भेटायचं आहे' एवढं पुरे. त्याऐवजी हे विचारून घ्या: सेशन किती मिनिटांचं असतं, फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर काय, माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही काम करता का, आणि मराठीतून बोलता येईल का.

शेवटचा प्रश्न कमी महत्त्वाचा समजू नका. मुंबई-पुण्यातल्या खासगी प्रॅक्टिसमध्ये इंग्रजीचा वावर फार आहे. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा वडिलांवरच्या रागाबद्दल बोलायला लागला की घरच्या भाषेत येतो. तुमची घरची बोली वऱ्हाडी असो, मालवणी असो की अहिराणी, ती तिथे बिनधास्त वापरा. समोरच्याला एखादा शब्द कळला नाही तर तो विचारेल.

गाव लहान असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये मोकळा वेळ असतो का? बाहेरच्या बाकावर शेजारच्या काकू भेटतील ही भीती खरी असते. आम्ही बरेच जण त्यासाठीच मध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवतो.

पायरी ३: पैशांचं गणित आधीच करा

मोठ्या शहरांत एका सेशनला साधारण हजार ते अडीच हजार रुपये, नाशिक-कोल्हापूर-अमरावतीसारख्या ठिकाणी त्याहून कमी, असा अंदाज धरून चाला. नावाजलेल्या व्यक्तींची फी याच्याही वर असते. आठवड्यातून एकदा म्हणजे महिन्याला चार सेशन. हा हिशेब आधी मांडा, कारण पैशांपायी तिसऱ्या आठवड्यात थांबावं लागलं तर नुसत्या जखमा उघडून ठेवल्यासारखं होतं. परवडत नसेल तर स्पष्ट विचारा, 'कमी फीचे काही स्लॉट असतात का?' आमच्यापैकी अनेक जण ते राखून ठेवतात, पण कोणी विचारतच नाही. पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं ठरवता येतं, तेही विचारा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं आहे, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंही. प्रत्यक्षात याचा उपयोग दाखल व्हावं लागल्यावर होतो. नियमित सेशनची फी परत मिळणं तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरला आहे की नाही यावर अवलंबून आहे. नोकरी करणाऱ्यांनी एचआरकडे चौकशी करावी. बऱ्याच कंपन्या काही सेशनचा खर्च देतात आणि तपशील त्यांच्यापर्यंत जात नाही.

घरी कळू द्यायचं नसेल तर पैसे कोणत्या खात्यातून जातात तेही बघा. संयुक्त खात्याच्या पासबुकात क्लिनिकचं नाव उमटतं. रोख द्या, पावती मात्र मागून घ्या.

खासगी झेपतच नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग चालतो. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि पुण्यात ससून इथे मानसोपचार विभाग आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण उपचार खरे मिळतात.

पायरी ४: पहिलं सेशन

पाच मिनिटं आधी पोचा. एखादा फॉर्म भरायला देतील: नाव, वय, आधीचे आजार, चालू औषधं, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा. या शेवटच्या रकान्यात जिच्यापासून लपवायचं आहे तीच व्यक्ती लिहू नका. सोबत संमतिपत्र असेल. ते वाचा, न कळलेलं विचारा, मगच सही करा.

खोलीत दोन-तीन खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा डबा, बहुतेक ठिकाणी घड्याळ. आडवं व्हायचा कोच बहुधा नसतो. सेशन ४५ ते ६० मिनिटांचं असतं. थेरपिस्ट अधूनमधून लिहून घेईल. ते टोचत असेल तर सांगा.

सुरुवात 'काय झालंय?' किंवा 'आत्ताच का यावंसं वाटलं?' अशी होते. इथे पुष्कळ जण अडखळतात, कारण कुठून सुरू करावं ते कळत नाही. क्रमाने सांगायची गरज नाही. मागच्या आठवड्यातला एखादा प्रसंग सांगा, ज्यात सगळ्यात जास्त त्रास झाला. 'रविवारी सासरी जेवायला गेलो होतो, तिथे हात थरथरायला लागले' इथून सुरुवात केली तरी तासाभरात बरंच काही समोर येतं. शरीराचं आवर्जून सांगा: छातीत धडधड, घशात आवंढा, पोटात गोळा, रात्री तीनला येणारी जाग. आपल्याकडे मनाचं दुखणं आधी अंगातून बोलतं, आणि आम्हाला त्यातून खूप कळतं.

मग प्रश्न येतील, आणि काही अनपेक्षित वाटतील. झोप, भूक, दारू-तंबाखू, घरात आधी कोणाला असा त्रास होता का, लहानपण, शाळा, नोकरी, लैंगिक आयुष्य, कधी जीव द्यावासा वाटला का. आत्महत्येबद्दल विचारलं म्हणजे तुमच्या बाबतीत काही गंभीर दिसलं असं नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायचं नसेल तर 'यावर पुढे कधीतरी बोलेन' म्हणा. खोटं सांगण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

छापील प्रश्नावली मिळू शकते. 'पीएचक्यू-९' ही उदासीसाठीची आहे: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण गुण ० ते २७. 'जीएडी-७' ही चिंतेसाठीची, सात प्रश्नांची. दोन्ही मराठीत आहेत. त्यांच्या आकड्यावरून कोणाचं निदान ठरत नाही, पण दोन महिन्यांनी तीच पुन्हा भरली की फरक डोळ्यांना दिसतो.

रडू येईल. येऊ द्या. विशेषतः पुरुषांना सांगते, तिथे रडल्याबद्दल माफी मागायची नसते. उलट काहींना काहीच वाटत नाही, दुसऱ्याचीच गोष्ट सांगतोय असं कोरडं बोलणं होतं. तेही पहिल्या दिवशी अगदी सामान्य आहे.

शेवटी थेरपिस्टने निदान एवढं सांगायला हवं: मला आत्ता काय दिसतंय, आपण कशावर काम करू, साधारण किती दिवस लागतील. नाही सांगितलं तर विचारा. 'हे करा, ते करू नका' असे सल्ले मात्र मिळणार नाहीत, आणि बऱ्याच जणांचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. नवऱ्याला सोडू की नको, नोकरी बदलू का, याचं उत्तर आम्ही देत नाही. सल्ला देणारी माणसं प्रत्येकाच्या घरात भरपूर असतात. इथे तुम्हाला स्वतःचं म्हणणं पूर्ण ऐकू यावं एवढी शांतता आणि त्यासाठी शिकलेला एक माणूस मिळतो.

घरी जाताना थकवा येईल, डोकं जड होईल. शक्य असेल तर सेशननंतर लगेच मीटिंग ठेवू नका.

पायरी ५: गुप्तता नीट समजून घ्या

मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २३ वं कलम सांगतं की मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क आहे. नवऱ्याने फोन करून 'बायको काय सांगते' विचारलं, आईने 'मीच फी भरते, मला कळायला हवं' म्हटलं, तरी तुमच्या संमतीशिवाय उत्तर द्यायचं नसतं. ती व्यक्ती तिथे येते की नाही, एवढंही सांगायचं नसतं. लग्न ठरवताना मुलाकडचे परस्पर चौकशी करतील ही भीती आजही अनेक मुलींच्या मनात असते. करू देत. चांगल्या ठिकाणी त्यांच्या हाती काहीही लागत नाही.

मर्यादा आहेत, आणि त्या पहिल्याच भेटीत सांगायला हव्यात. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर. न्यायालयाने आदेश दिला तर. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. धोक्याच्या वेळीसुद्धा गरजेपुरतंच आणि गरज असेल त्यालाच सांगायचं, आणि शक्यतो आधी तुमच्याशी बोलून. आम्ही आमच्या मार्गदर्शकांशी केसबद्दल बोलतो, तेव्हा नाव आणि ओळखीच्या खुणा काढलेल्या असतात.

उपचारांच्या मूलभूत नोंदी मागायचा हक्कही तुम्हाला आहे; कलम २५ मध्ये तो दिलेला आहे.

जोडप्याने एकत्र यायचं असेल तर आधीच विचारा: एकट्याने सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवून ठेवाल का? याचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि ते नंतर कळणं फार महागात पडतं.

पायरी ६: दुसऱ्यापासून सहाव्या सेशनपर्यंत

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती इथे. पहिल्या दिवशी बोलून हलकं वाटलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तेच दुखणं जवळून बघावं लागतं आणि आधीपेक्षा जास्त त्रास झाल्यासारखं वाटतं. मग 'ऑफिसात काम आहे', 'पाहुणे आलेत', 'आता बरं वाटतंय' अशी कारणं सुचायला लागतात. असं झालं तर कारण न देता तेच सांगा: 'आज यायची इच्छाच नव्हती.' माझ्या अनुभवात असं वाक्य घेऊन आलेली सेशन्स फार कामाची ठरतात.

या काळात काय होतं ते पद्धतीवर अवलंबून आहे. विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी वापरत असतील तर वही लागेल. महाराष्ट्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी, कि. मो. फडके यांच्यामुळे बरीच रुजली आहे. तिच्यातही घटना, त्यावर मनात आलेला विचार आणि त्यातून उठलेली भावना असं वेगवेगळं लिहायला शिकवतात. 'साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही' ही घटना, 'मला काढून टाकणार' हा विचार, रात्रभर जागरण हा परिणाम. हे लिहिताना किरकोळ वाटतं. पंधरा दिवसांचं लिखाण समोर ठेवलं की आपलं मन ठरलेल्या वाटेनेच कसं धावतं ते दिसतं. गृहपाठ झाला नाही तर सेशन रद्द करू नका. का झाला नाही यावरच बोलता येतं.

दुसऱ्या काही पद्धतींत गृहपाठ नसतो, जुन्या नात्यांवर सावकाश बोलणं असतं, मध्ये शांतताही असते. तुमची थेरपी कोणत्या पद्धतीची आहे ते विचारा. साध्या मराठीत समजावून सांगता आलं पाहिजे.

नेहमीच्या चिंता-उदासीसाठी सीबीटीची साधारण १२ ते २० सेशन्स धरतात. लहानपणीचे आघात, वर्षानुवर्षांचे नात्यांचे पेच यांना जास्त वेळ लागतो. फरक कळायला लागतो तो बारीकसारीक गोष्टींत: भांडण झालं पण बोलणं दोन दिवस बंद राहिलं नाही, लोकलमध्ये धडधडलं पण उतरून गेलात नाही. चौथ्या-पाचव्या वेळी 'आपण कुठवर आलो?' असं विचारा, आणि काहीच हललेलं नसेल तर तेही स्पष्ट बोला.

मानसोपचारतज्ज्ञांना भेटा असं सुचवलं तर ते अपयश समजू नका. थेरपी आणि औषधं एकत्र चालतात. उदासीवरच्या बहुतेक औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती मनाने एकदम बंद करायची नसतात.

पायरी ७: जमत नसेल तर, आणि चुकीचं घडत असेल तर

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस चांगला आहे, शिक्षण आहे, पण सूर जुळत नाही, हे होतं. तीन-चार भेटी देऊन बघा, मग सांगा, 'मला दुसऱ्या कोणाकडे पाठवाल का?' नीट थेरपिस्ट नावं देतो आणि नाराज होत नाही.

पुढच्या गोष्टी घडल्या तर मात्र वाट बघू नका. अंगाशी लगट किंवा लैंगिक बोलणं. उसने पैसे किंवा कुठल्या स्कीममध्ये गुंतवायचा आग्रह. दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं. 'तीन सेशनमध्ये बरं करतो' अशी हमी आणि वीस सेशनची फी आगाऊ. औषधं बंद करा असं बिगरडॉक्टरने सांगणं. पत्रिका, ग्रह, करणी. जातीवरून, धर्मावरून शेरे. आणि समलिंगी असणं 'बरं करून देतो' म्हणणं: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'उपचारांना' डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, आणि डॉक्टर नसलेल्यांच्या हातून ते कमी घातक होत नाहीत. तक्रार डॉक्टरविरुद्ध असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआयकडे. सेवेतल्या त्रुटींसाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आहे. लैंगिक गैरवर्तन असेल तर थेट पोलिसांत.

ऑनलाइन घ्यायची असेल तर

नियम तेच. खरा प्रश्न जागेचा. वन बीएचकेमध्ये पाच माणसं असताना सासूबद्दल मोठ्याने कसं बोलणार? लोक गच्चीवर जातात, पार्क केलेल्या गाडीत बसतात, ऑफिसची रिकामी मीटिंगरूम घेतात. हेडफोन लावा, दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना मराठीतून बोलता यावं म्हणून इथले थेरपिस्ट सोयीचे वाटतात. त्यांनी आपल्या देशाच्या नियमांत हे बसतं का ते आधी विचारावं, आणि तिथला तातडीचा क्रमांक व पत्ता थेरपिस्टला देऊन ठेवावा.

पायरी ८: थांबायचं कसं

अचानक येणं बंद करू नका. थांबावंसं वाटलं की सांगा, आणि एक-दोन सेशन त्यासाठीच ठेवा. आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने असं अंतर वाढवत नेता येतं. शेवटच्या भेटीत एका कागदावर लिहून घ्या: त्रास परत डोकं वर काढतोय हे मला कशावरून कळेल, तेव्हा मी स्वतः काय करेन, कोणाला फोन करेन. झोप बिघडणं, फोन न उचलणं, अंघोळ टाळणं, प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा, कारण पुष्कळदा खुणा आधी त्यालाच दिसतात. गाव बदलत असाल तर पुढच्या थेरपिस्टसाठी उपचारांचा छोटा सारांश मागून घ्या. दोन वर्षांनी पुन्हा यावंसं वाटलं तर त्याच नंबरवर फोन करा. सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.